सुतकातला डबा

बापूराव दुमाने गेले त्या सकाळी डबा भागीरथाच्या घरी होता.

डबा तीन पुडांचा, स्टीलचा. वरच्या झाकणावर खिळ्याने टोचून 'केवळराम' असं नाव काढलेलं. केवळराम शेंडे हा गोकुळाबाईचा नवरा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. तो डोंग्यात बसून तलावात जाळं टाकायला जायचा तेव्हा हाच डबा सोबत असायचा. आता त्यात गोकुळाबाईचं दोन वेळचं जेवण यायचं, रोज वेगळ्या घरून.

चिचटोल्याच्या ढिवर मोहल्ल्यात, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत, तलावाच्या पाळीला, मातीच्या बांधाला लागून एक गल्ली आहे. गोकुळाबाईचं घर तिच्या टोकाला. गल्लीतली बाकीची अकरा घरं आळीपाळीने डबा भरत. पद्धत सोपी होती. सकाळी अकराच्या सुमारास बारी असलेलं घर डबा आणून द्यायचं. संध्याकाळी गोकुळाबाई तो घासायची आणि स्वतः चालत जाऊन पुढच्या घराच्या उंबऱ्यावर ठेवायची. उंबऱ्यावर डबा दिसला की उद्या आपली बारी. कागद नाही, यादी नाही, कोणी कोणाला आठवण करून द्यायची नाही. डबाच सांगायचा.

चालत जाऊन ठेवण्याचा हट्ट गोकुळाबाईचाच होता. "मी भीक नाई मागून राह्यली," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "डबा माहा आहे. मी नेऊन देईन, तुम्ही भरून द्या. डबा आला तं खाईन, नाई आला तं मागाले येणार नाई."

"उपाशी मरशील काय मंग, बुढे?" नीलाबाईने विचारलं होतं. नीलाबाई तिच्या भिंतीला भिंत लागलेली शेजारीण.

"मरीन. तुले काय करायचं आहे?"

सगळे हसले होते.

ही व्यवस्था कार्तिकात सुरू झाली. त्याआधी गोकुळाबाई स्वतः रांधायची. वय शहात्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू, हात थरथरणारे. एका सकाळी चुलीतला जाळ पदराला लागला. नीलाबाईने पाण्याची घागर ओतली म्हणून दंडावरच भागलं. हेमराज, तिचा एकुलता मुलगा, दुसऱ्या दिवशी कोरपन्याहून आला. तिकडच्या एका सिमेंट कारखान्यात तो ठेकेदाराकडे कामाला आहे. आईला घेऊन जायचंच म्हणून आला होता.

गोकुळाबाई एकदा त्याच्याकडे राहून आली होती, केवळराम गेल्यानंतर बारा दिवस. एक खोली, एक स्वयंपाकघर, दारात सिमेंटची धूळ. सून डिंपल वाईट नव्हती. चहा हातात द्यायची, डोक्याला तेल लावून द्यायची. पण गोकुळाबाईने चाळीस वर्षं टोपलीत मासे घेऊन मूल गावच्या बाजारात बसून काढली होती. तिला दिवसभर दार लावून बसता येईना. "सकाळी उठून कुठी जावं, तेच समजत नाई तिथी," ती परत आल्यावर सांगायची.

न जाण्याचं आणखी एक कारण होतं, आणि ते मोहल्ल्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. चैत्रात तलावाचं पाणी उतरलं की शेवटची मोठी मासेमारी होते. या मासेमारीतला वाटा माणसामागे किंवा जाळ्यामागे नसतो. तो धुरामागे असतो. त्या सकाळी मासेमारी सोसायटीचा अध्यक्ष मोहल्ल्यातून फिरतो आणि ज्या ज्या घरातून चुलीचा धूर निघतो ती घरं मोजतो. बंद घराचं नाव कटतं. कटलेलं नाव परत चढवायला सगळ्या मोहल्ल्याची बैठक लागते, आणि आजवर एकही नाव परत चढलेलं नव्हतं. कटलेल्या घरांच्या भिंती पावसात बसल्या आणि जागेवर लोकांनी शेणाचे उकिरडे केले. गोकुळाबाई तलावाकडे तोंड करून बसली की तिला तसे दोन उकिरडे दिसायचे.

म्हणून कार्तिकात हेमराज बॅग भरायला लागला तेव्हा भागीरथा मध्ये पडली. ती समोरच्या घरातली, साठीची विधवा, बापूरावांची भावजय. तिनेच डब्याची कल्पना काढली आणि तिनेच अकरा घरं फिरून होकार घेतला. चूल मात्र काढायची, ही हेमराजची अट. माचिसही घरात ठेवायची नाही. दुसरी अट त्याने गल्लीत उभं राहून सगळ्यांसमोर सांगितली. "एक दिवस जरी माय उपाशी राह्यली तं मी घेऊन जाईन. मंग कोणी मधात बोलाचं नाई."

"माह्यावर सोड," भागीरथा म्हणाली होती.

चूल काढली तर धूर कुठला, हा प्रश्न सोमाजीने काढला. सोमाजी सोसायटीचा अध्यक्ष, आणि नियमाचा पक्का. दोन दिवस विचार करून तोच म्हणाला, "डबा चालू तवरी धूर चालू. असं समजू."

तीन महिने डबा एकदाही चुकला नाही.

जानेवारीत मिरची तोडायला तेलंगणात जाणारी तीन घरं कुलूप लावून गेली. ती होळीच्या आत परततात. उरली आठ. त्यातली सहा घरं दुमान्यांची, एकाच भावकीची. दोन घरं वेगळ्या कुळांची, सोमाजीचं आणि नीलाबाईचं. हे गणित तेव्हा कोणी मांडलं नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी पहाटे पाचला बापूराव गेले. वय एक्याऐंशी, झोपेतच. दुमान्यांच्या सहाही घरांना दहा दिवसांचं सुतक पडलं. सुतकातल्या घरचं शिजलेलं दुसऱ्या कुळाला चालत नाही. घरातली भांडीसुद्धा शुद्ध होईपर्यंत बाहेर द्यायची नसतात. आणि गोकुळाबाईने रविवारी संध्याकाळी घासून आणून ठेवलेला डबा भागीरथाच्या घरात, भिंतीतल्या फळीवर होता.

त्या तीन दिवसांत काय झालं ते पुढे सगळ्यांनी आपापल्या तोंडून सांगितलं. तपशील एकमेकांशी जुळतात.

सोमवारी गोकुळाबाई मयतीला बसली. अंत्ययात्रा तलावाकडे गेल्यावर बाकीच्या बाया बापूरावांच्या अंगणात थांबल्या. ती दुमान्यांची नव्हे, म्हणून रीतीप्रमाणे घरी आली, आंघोळ केली आणि बसून राहिली. जेवण दुखाच्या घरीच झालं असेल, असं नीलाबाईला वाटलं.

नीलाबाई आणि सोमाजीची सून या दोघींना त्या दिवशी श्वास घ्यायला वेळ नव्हता. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी रांधून द्यायचं असतं. सहा घरची माणसं आणि बाहेरगावचे पाहुणे मिळून चाळीस पानं होती. दोघींनी मोठ्या गंजात भात आणि लाखोळीची डाळ शिजवली आणि दोन्ही वेळा डोक्यावरून नेऊन दिली. मंगळवारी तेच. बुधवारीही तेच. बापूरावांच्या दाराशी जाता-येता दोघींना रोज गोकुळाबाईचं अंगण दिसत होतं.

"डबा उंबऱ्यावर नव्हता," सोमाजीची सून नंतर म्हणाली. "म्हणून मले वाटलं बारी नीलाबाईची आहे."

"मले वाटलं हिची आहे," नीलाबाई म्हणाली.

मिरचीला न गेलेल्या आठ घरांपैकी दोनच घरं डबा देऊ शकत होती आणि ती दोन्ही डबा येण्याची वाट पाहत होती.

भागीरथाला डबा दिसला. मंगळवारी सकाळी पाणी घेताना फळीवर नजर गेली. मनात आलं, आज बाईले कोण देऊन राह्यलं असेल? सुतकातला डबा हातात घेऊन नीलाबाईच्या उंबऱ्यावर ठेवणं तिच्याने होईना. पण अंगणात उभं राहून नुसती हाक मारली असती तरी पुरलं असतं. ते ती करू शकत होती. तेवढ्यात वरोऱ्याहून नणंद आली, गळ्यात पडून रडली, आणि ते राहून गेलं. बुधवारी डबा पुन्हा दिसला. तेव्हा तिला वाटलं, दोन दिवस झाले, कोणीतरी देतच असेल. नाही तर बाईने आवाज केला असता.

बाईने आवाज केला नाही. सोमवारी तिने घरातले मुरमुरे खाल्ले. मंगळवारी मुरमुरे संपले. गूळ होता, तो पाण्यासोबत घेतला. गल्लीत मयत झालेली असताना जेवण मागायला जाणं तिला जमणार नव्हतं, आणि मागायला येणार नाही हे तर ती आधीच सांगून बसली होती. बुधवारी दुपारी तिने अंगणात तीन दगड मांडले. घरातल्या मडक्याच्या तळाशी मूठभर तांदूळ होते. माचिस तिने बाजारच्या पिशवीत लपवून ठेवलेली होती, हेमराजला न सांगता. सरपण नव्हतं. जंगलाच्या बाजूला वाघाच्या भीतीने कोणी एकटं जात नाही, म्हणून ती तलावाच्या पाळीवर, बाभळीखाली काटक्या वेचायला गेली. तीन वाजले होते. उतारावर तिला चक्कर आली.

आशा कार्यकर्ती सीता लसीकरणाची यादी घेऊन पाळीवरून येत होती. तिला आधी काटक्या दिसल्या, मग लुगडं. डावा हात अंगाखाली मुडपलेला. सीताने रुग्णवाहिका बोलावली. गाडीत चढवताना तिने विचारलं, "बाई, जेवण कधी केलं होतं?"

"रविवारी," गोकुळाबाई म्हणाली. मग लगेच, "हेमराजले नको सांगू."

सीताने सांगितलं. तिला सांगावंच लागलं.

गडचिरोलीच्या दवाखान्यात मनगटाला प्लास्टर झालं. शुक्रवारी दुपारी हेमराज तिला घेऊन चिचटोल्यात आला. शनिवारी सकाळच्या गाडीने कोरपन्याला न्यायचं त्याचं ठरलं होतं. संध्याकाळी पाच वाजता तिच्या अंगणात माणसं जमली. सोमाजी, नीलाबाई, सीता, आणखी चार-पाच जण. गोकुळाबाई बाजेवर बसली होती, हात गळ्यात बांधलेला. भागीरथा आपल्याच दाराशी उभी होती. सुतकाचा पाचवा दिवस. गल्ली जेमतेम नऊ हात रुंद आहे, तिथून सगळं ऐकू येत होतं.

हेमराज ओरडला नाही. तो एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता आणि हातातला मोबाईल उलटा-सुलटा करत होता. "मले फक्त एक सांगा," तो म्हणाला. "तीन दिवस डबा कुठी होता?"

सोमाजी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"सोमाजीभाऊ, तुम्ही तं सांगा. तुम्ही अध्यक्ष आहा."

"मी मासोळीचा अध्यक्ष आहो, बाप्पा. डब्याचा नाई."

"चूल काढली तवा धुराचा हिशोब कोणी केला होता?"

सोमाजीने तोंड नीलाबाईकडे वळवलं.

तेव्हा गोकुळाबाई बोलली. "डबा आला होता," ती म्हणाली. "मीच वापस केला."

नीलाबाईने मान वर केली.

"काऊन वापस केला?" हेमराजने विचारलं.

"बापूराव माह्या नवऱ्याचा दोस्त होता. एका डोंग्यात तीस वर्षं बसले. मले घास गेला नाई. तीन दिवस उपास धरला. आता माह्या उपासाले तू मोहल्ल्याले दोष देते काय?"

"तिन्ही दिवस आला होता?"

"तिन्ही दिवस."

"कोणी आणला?"

तिने गळ्यात बांधलेला हात सावरला. "पहिल्या दिवशी नीलाबाईनं. मंग सोमाजीच्या सुनेनं. मंग परत नीलाबाईनं."

हेमराजने नीलाबाईकडे पाहिलं. नीलाबाई गोकुळाबाईकडे पाहत होती. गोकुळाबाईचा चेहरा हलला नाही. तिला तिच्याकडून एवढंच हवं होतं की नीलाबाईने मान हलवावी.

नीलाबाईने मान हलवली. "हो. आणला होता. बुढी ऐकते काय कोणाचं?"

अंगणातल्या माणसांचे खांदे जरा सैल झाले. सोमाजीने खाकरून घसा साफ केला. सीता काही बोलणार होती, ती थांबली. गाडीत चढवताना बाई 'हेमराजले नको सांगू' म्हणाली होती, ते ती एकटी जाणत होती, आणि हेमराजलाही तिने 'तीन दिवस उपाशी' एवढंच कळवलं होतं.

हेमराजने मोबाईल खिशात घातला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते भागीरथाला गल्लीच्या या बाजूनेही दिसलं. त्याला विश्वास ठेवायचा होता. एका खोलीत आई, बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि तो. रात्रपाळी करून आल्यावर दिवसा झोपायचं कुठे, हेही त्याला ठरवायचं होतं. समोर एक सोपी वाट उघडली होती.

"मंग उपासच होता म्हणते," तो म्हणाला.

भागीरथा आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात डबा होता. ती उंबरा उतरली आणि गल्ली ओलांडून आली. सुतकातली बाई दुसऱ्याच्या अंगणात. सोमाजी पटकन दोन पावलं मागे सरला. "अवं, अवं, भागीरथा!"

तिने डबा हेमराजच्या पायाशी ठेवला. "माह्या घरी होता. रविवारपासून. सुतक पडलं आणि तो आतच राह्यला. कोणी आणला नाई, तिनं वापस केला नाई. मी कोणाले सांगतलं नाई."

"तुले कोणी इचारलं होतं?" गोकुळाबाई ओरडली. एवढा मोठा आवाज तिच्यात उरला असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. "तुले कोणी बोलाले सांगतलं? घरात बस ना सुतक घेऊन! माहं घर आहे, माही भूक आहे, तुह्या बापाचं काय जाते?"

"बाई, आज बापूराव गेले. उद्या तिकडची भिकाजीची माय जाईन, परवा मी जाईन. दर वेळी डबा आत राहीन. तू दर वेळी खोटं बोलशील?"

"बोलीन!"

"आणि पाळीवर सीता नसली तं?"

गोकुळाबाईने तोंड फिरवलं. तलावाकडे.

हेमराज डब्याकडे वाकला. झाकणावरचं वडिलांचं नाव त्याने बोटाने पुसलं, जसं काही त्यावर धूळ होती. धूळ नव्हती. "काकू," तो हळूच म्हणाला, "तुम्ही बोलले नसते तं मी उद्या एकटाच गेलो असतो."

"मालूम आहे."

"मंग काऊन बोलले?"

भागीरथा परत आपल्या दाराकडे वळली. तिच्याकडे जे होतं ते ती बोलून चुकली होती.

शनिवारी सकाळी सव्वासातच्या एस.टी.ने मायलेक गेले. घराला कुलूप लावून किल्ली गोकुळाबाईने कमरेला खोचली. भागीरथा दाराशी उभी होती. गोकुळाबाई तिच्यासमोरून गेली, थांबली नाही. डबा अंगणातच राहिला होता. तो नीलाबाईने उचलला नाही, सोमाजीने उचलला नाही, कारण तो सुतकातला होता. शेवटी भागीरथाच तो परत आत घेऊन गेली.

मोहल्ल्यात पुढचे काही दिवस भागीरथाशी लोक जपून बोलत. "खरं बोलाची हौस होती तं सोमवारीच बोलाचं होतं," नीलाबाई नळावर म्हणाली, ती ऐकेल एवढ्या मोठ्याने. "तवा तोंडात मीठ होतं काय?" भागीरथाने गुंड भरून घेतला आणि निघून गेली. बोलणं खोटं नव्हतं.

दहावा झाला. घरं सारवली, भांडी राखेने घासून उन्हात ठेवली, डबाही ठेवला. त्या संध्याकाळी भागीरथा सोमाजीच्या घरी गेली आणि उंबऱ्यावरच बसली.

"भाऊ, एक नियम करायचा आहे."

"आता काय राह्यलं नियमाचं? बुढी गेली."

"बुढी प्लास्टर काढाले गेली. ज्या घरी डबा आहे त्या कुळात मौत झाली तं आधी डबा बाहेर काढाचा. मयतीले हात लावाच्या आधी. पुढच्या कुळाच्या घरी नेऊन द्याचा आणि तोंडानं सांगाचं. डबा आला दिसला म्हणून समजाचं नाई, हाक मारून सांगाचं."

सोमाजीला ते पटलं नाही. "माणूस गेला आणि घरचे डबा शोधतीन? लोक काय म्हणतीन?"

"लोकांनीच बुढीले तीन दिवस उपाशी ठेवलं."

"आणि मयत पहाटेची असली तं? सुतक तं जीव गेला त्या क्षणाले लागते. डबा तवाच बाटला."

"मंग तुम्ही सांगा ना, भाऊ. तुम्ही धुराच्या जागी डबा धरला. तवा नियम वाकला होता ना?"

सोमाजी म्हणाला, विचार करतो. विचार करायला त्याला अठरा दिवस लागले. होळीच्या आदल्या दिवशी मिरचीवाली तीन घरं परतली तेव्हा त्याने बैठक घेतली. वाद झाला. दुमान्यांच्या एका म्हाताऱ्याने हा आमच्या मेलेल्यांचा अपमान आहे म्हटलं आणि उठून गेला. बाकीच्यांनी कबूल केलं. सगळ्यांनी मनापासून केलं असं म्हणता येणार नाही. मिरचीवाल्यांपैकी एकाने सरळ सांगितलं, पुढच्या वर्षी आपण तिकडेच राहणार, मालकाने खोली दिली आहे. अकराची दहा घरं झाली.

भागीरथा दर रविवारी हेमराजला फोन करायची. माय बरी आहे, असं तो सांगायचा. मायला फोन दे म्हटलं की थोड्या वेळाने म्हणायचा, झोपली आहे. मागे गोकुळाबाईचा आवाज यायचा. ती झोपलेली नसायची. डिंपलने एकदा हळू आवाजात सांगितलं, "सासूबाई दिवसभर दारात बसते, काकू. धुळीनं खोकला झाला आहे. आत बसा म्हटलं तं म्हणते, आत काय पाहू?"

पंचवीस मार्चला, बुधवारी, तलावाची मासेमारी ठरली. मंगळवारी जाळी उन्हात पसरली गेली. त्या दिवशी भागीरथाने गोकुळाबाईच्या दाराचं कुलूप हलवून पाहिलं. किल्ली कोरपन्यात, गोकुळाबाईच्या कमरेला. आत जाऊन जाळ करण्याचा प्रश्नच नव्हता.

बुधवारी ती चारच्या आधी उठली. चूल पेटवली, भात केला. आदल्या दिवशी मरळ मिळाली होती, तिचा रस्सा केला. खालच्या पुडात भात, मधल्यात रस्सा, वरच्यात कांदा आणि झिंग्याची चटणी. उजाडताना तिने डबा नेऊन गोकुळाबाईच्या कुलूपबंद दारापुढे, उंबऱ्यावर ठेवला आणि समोर आपल्या ओट्यावर बसली.

साडेसहाला सोमाजी मोजत मोजत गल्लीत आला. मागे सोसायटीचे दोघे. तो प्रत्येक घरासमोर थांबून छपराकडे पाहायचा आणि आकडा बोलायचा. "चाळीस. एक्केचाळीस." नीलाबाईच्या घरासमोर, "बेचाळीस." मग गल्लीच्या टोकाचं एकच घर उरलं.

गोकुळाबाईच्या छपरातून काही निघत नव्हतं. दाराला कुलूप होतं. सोसायटीच्या एकाने म्हटलं, "हे बंद आहे, भाऊ."

सोमाजीने डब्याकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या भागीरथाकडे. नीलाबाई दारात येऊन उभी राहिली होती, हाताला पीठ.

सोमाजी वाकला. त्याने झाकण उघडलं. वाफ त्याच्या चष्म्यावर आली. त्याने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला आणि झाकण लावलं.

"खाणारं माणूस घरी नाई," सोसायटीचा दुसरा म्हणाला.

"माणूस मोजाचा नियम नाई," सोमाजी म्हणाला. "त्रेचाळीस." आणि तो पुढच्या गल्लीकडे वळला. जाता जाता म्हणाला, "हे एका वर्षाचं, भागीरथा. पुढच्या वर्षी कुलपासमोर मी वाकणार नाई."

"पुढच्या वर्षी कुलूप राहणार नाई," नीलाबाई म्हणाली. भागीरथाने तिच्याकडे वळून पाहिलं. नीलाबाई आत गेली.

दुपारी वाटे पडले. गोकुळाबाईच्या वाट्याला एक कतला, दोन रोहू आणि बारीक मासोळीचा ढीग आला. भागीरथाने तिथूनच, पाळीवरून, फोन लावला. हेमराजने उचलला.

"मायले सांग, वाटा निघाला. त्रेचाळिसावा धूर."

पलीकडे काहीतरी खडखडलं. मग सेहेचाळीस दिवसांनी गोकुळाबाईचा आवाज आला. "चूल नसताना धूर कसा निघाला?"

"डबा ठेवला होता तुह्या उंबऱ्यावर."

"काय होतं डब्यात?"

"मरळ."

"कोणी रांधली?"

"मी."

"म्हणजे खारट असंन," गोकुळाबाई म्हणाली आणि खोकली. खोकला बराच वेळ थांबला नाही. फोन परत हेमराजकडे गेला.

"काकू," तो म्हणाला. "परत सुतक पडलं तं?"

भागीरथाने नियम सांगितला. आधी डबा, मग मयत. उंबऱ्यावर नुसता ठेवायचा नाही, हाक मारायची. दुमान्यांचा म्हातारा उठून गेला हेही सांगितलं. आता दहा घरं उरली आणि मिरचीच्या दिवसांत आणखी दोन कमी होतील, हेही सांगितलं. यातलं काही लपवण्यात अर्थ नव्हता.

"म्हणजे भरवसा नाईच," हेमराज म्हणाला.

"पहिल्यापेक्षा जास्त आहे. पूर्ण नाई."

मागे खोकला चालू होता, आणि डिंपल कोणाला तरी पाणी देत होती.

"रविवारी सुट्टी आहे माही," तो शेवटी म्हणाला. "आणून सोडतो. पण सीताताईचा नंबर मले द्या. रोज संध्याकाळी मी इचारीन, माय जेवली काय. तुम्हाले नाई, तिले इचारीन."

"इचार," भागीरथा म्हणाली. ते तिला लागलं.

वाट्यातल्या मोठ्या मासोळ्या तिने मीठ लावून ठेवल्या, बारीक मासोळी वाळत घातली. रविवारला चार दिवस होते. संध्याकाळी तिने डबा राखेने घासला, तिन्ही पुडं कोरडी केली आणि नीलाबाईच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवला. मग तिथेच उभं राहून, दोन हातांच्या अंतरावर नीलाबाई भाकरी थापत बसली असतानाही, तिने गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"नीलाबाई! रविवारची बारी तुही आहे!"

"दिसून राह्यलं मले," नीलाबाई आतून म्हणाली. "बहिरी नाई मी."